घटना'दुरुस्ती': पण बिघडलंय काय?

जॉबरची लेक

मंडळी, एक शब्द अडलाय. संविधान दिनासाठी, म्हणजे २६ नोव्हेंबरसाठी, आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या अभ्यासिकेत फळा लिहायचं काम माझ्याकडे आलं. नागरिकांच्या हक्कांवर ज्यांचा थेट परिणाम झाला असे चार-पाच बदल लिहायचे, एवढंच ठरलं होतं. पण मथळ्यावरूनच वाजलं. एका मुलानं हिंदी नोट्स वाचून 'संविधान संशोधन' लिहून ठेवलं होतं. त्यावर एक मुलगी म्हणाली, संशोधन प्रयोगशाळेत करतात, 'घटनादुरुस्ती' लिही. तिसऱ्यानं शासनाने छापलेली मराठी प्रत उघडून पुढ्यात ठेवली. तिच्यात 'संविधान (बेचाळिसावी सुधारणा) अधिनियम, १९७६' असं होतं. म्हणजे सुधारणा.

रात्री जेवताना हे बाबांना सांगितलं. बाबा आधी मिलमध्ये आणि मिल बंद पडल्यावर यंत्रमागावर जॉबर होते. अडलेला माग चालू करून देणं हेच त्यांनी जन्मभर केलं. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "दुरुस्ती? कुठं बिघडलीय ती? आणि बिघडली नसंल तर हात कशाला लावायचा?" मी म्हटलं, बाबा, ती दुरुस्ती वेगळी. तर म्हणाले, "मग वेगळं म्हणा की."

आता सांगा, काय म्हणू? दुरुस्ती, सुधारणा की संशोधन? आणि फळ्यावर 'मूलभूत हक्क' लिहू की 'मूलभूत अधिकार'?

कडक भाकरी

दुरुस्तीचं राहू द्या, आधी 'घटना' बघा. "घटनेत बदल केला" असं रेडिओवर ऐकलं की आमची आजी विचारायची, पंचनाम्यात फेरफार केला का?

बाराबंदी

आजीचा प्रश्न रास्त आहे. 'घडणे' आणि 'घडवणे' ही दोन्ही कामं मराठीनं एकाच 'घटना' शब्दावर टाकली. राज्यघटना म्हणजे राज्याची घडण, बांधणी. माझ्या नोकरीच्या काळात, मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचो, 'राज्यघटना'च म्हणत. 'संविधान' हा शब्द तेव्हाही होता, पण घराघरांत रुळला तो अलीकडे. तरी जोडशब्द करायची वेळ आली की मराठी माणूस अजून 'घटने'कडेच धावतो: घटनासमिती, घटनापीठ, घटनाबाह्य, घटनेचे शिल्पकार. 'संविधानबाह्य' म्हणून बघा, जीभ अडखळते.

तसंच 'सरनामा'. आम्ही तो तोंडपाठ करून घ्यायचो. आता पाठ्यपुस्तकात 'उद्देशिका' छापतात. सरनामा म्हटलं की पत्राचा मायना आठवतो, उद्देशिका म्हटलं की हेतू कळतो, त्यामुळे हा बदल मला पटला. पण 'आम्ही, भारताचे लोक' ही सुरुवात कुणी बदलली नाही, हे फार बरं झालं.

काळा कोट

ताई, तुमच्या बाबांनी विचारलेला प्रश्न सर्वोच्च न्यायालयात १३ न्यायाधीशांपुढे ६८ दिवस चालला आहे, थट्टा नाही. केशवानंद भारती खटला, निकाल २४ एप्रिल १९७३. वाद जमिनीच्या कायद्यावरून सुरू झाला, पण अखेर येऊन ठेपला तो एका शब्दाच्या अर्थावर. अनुच्छेद ३६८ मध्ये 'अमेंडमेंट' असा जो शब्द आहे, त्यात काय काय बसतं? डागडुजी बसते, हे सगळ्यांना मान्य. नवी खोली बांधणं बसतं, तेही मान्य. पण वाडाच पाडून तिथं दुसरं काही उभं केलं तर त्याला त्याच वाड्याची दुरुस्ती म्हणायचं का? ७ विरुद्ध ६ अशा मतांनी न्यायालय म्हणालं, नाही. संसद कुठल्याही तरतुदीला हात लावू शकते, मूलभूत हक्कांनासुद्धा, पण संविधानाची मूलभूत संरचना मोडता येणार नाही. बहुमतातल्या न्या. खन्ना यांच्या म्हणण्याचा गाभा असा, की बदलानंतरही जुनं संविधान ओळखू आलं पाहिजे.

मजा अशी की लॅटिन मुळाकडे गेलं तर 'अमेंड'चा अर्थही दोष काढणं असाच आहे. म्हणजे 'दुरुस्ती' हे भाषांतर चुकलेलं नाही. फारसीत 'दुरुस्त' म्हणजे बरोबर, धडधाकट. इंग्रजीत तो मूळ अर्थ विझला आणि शब्द कोरा झाला. मराठीत तो विझला नाही, कारण इथं सायकल दुरुस्ती, पंप दुरुस्ती, रस्ता दुरुस्ती रोज डोळ्यांसमोर असते.

'सुधारणा' शब्दाची खोड उलट बाजूची. सरकारी भाषेत तो फक्त बदल दाखवतो, पण ऐकणाऱ्याला वाटतं, जे झालं ते चांगलंच झालं. १९७६ च्या बेचाळिसाव्यानं बरंच काही बदललं आणि त्यातलं बरंचसं १९७८ च्या चव्वेचाळिसाव्यानं परत फिरवलं. दोन्हींच्या नावात 'सुधारणा' आहे. मग सुधारणेची सुधारणा झाली म्हणायचं का?

कडक भाकरी

महानगरपालिका तेच करते की. डांबर टाकायचं, महिन्यानं खणायचं, परत डांबर.

शेंगाचटणी

आमच्या घरी तेलुगू. अम्माला विचारलं, तर ती म्हणाली 'राज्यांग सवरण'. राज्यांगम म्हणजे संविधान, सवरण म्हणजे... आता हे मराठीत कसं सांगू? विस्कटलेलं नीट करणं. केस सवरतात, बोलण्याआधी गळा सवरतात. मोडण्याबिडण्याचा संबंध नाही.

जॉबरची लेक

अगदी पदर सावरण्यासारखं! नातं आहे की नाही माहीत नाही, पण कानाला तेच वाटलं. बाबांना हा शब्द आवडेल.

अक्कलकोट रोड

कन्नडमध्ये 'तिद्दुपडी'. 'तिद्दु' म्हणजे चूक सुधारणं, मास्तर वही तपासतात तसं. लहानपणी पाटीवर अक्षर गिरवतात त्यालाही तिद्दुच म्हणतात. एका शब्दात चूक काढणंही आलं आणि त्याच रेघेवरून परत हात फिरवणंही आलं. आणि विजापूर वेशीतल्या आमच्या मित्राच्या उर्दूत 'तरमीम'. सोलापुरात एका चहाच्या टपरीवर चार भाषांत घटना बदलता येते बघा.

आणखी एक. मूलभूत हक्क कन्नडमध्ये 'मूलभूत हक्कुगळु'. फक्त उकार सांभाळायचा. 'हक्कि' म्हटलं की पाखरू होतं.

शेंगाचटणी

तेलुगूत 'प्राथमिक हक्कुलु'. उर्दूत 'बुनियादी हुकूक'. म्हणजे मूलभूत, प्राथमिक, बुनियादी असं पुढचं प्रत्येकाचं वेगळं, पण हक्क सगळ्यांचा एकच.

बाराबंदी

अरबी शब्द, पण चारही भाषांत घरचा झालेला. त्यामुळे ताई, फळ्यावर 'मूलभूत हक्क'च लिहा असं मी म्हणेन. शासनाच्या मराठी प्रतीतही भाग तीनचं शीर्षक तेच आहे.

'अधिकार' वाईट नाही, पण त्याला खुर्चीचा वास येतो. ज्याच्याकडे अधिकार तो अधिकारी. तहसीलदाराला दाखला देण्याचा अधिकार असतो, मला तो दाखला मिळवण्याचा हक्क असतो. हक्काचं घर, हक्काचा माणूस, हक्कानं मागितलं, या सगळ्यांत एक आपलेपणा आहे. 'अधिकारानं मागितलं' म्हटलं की लगेच दरडावणी ऐकू येते. हा फरक कायदे करणाऱ्यांनीही पाळलेला नाही, हे खरं. 'माहितीचा अधिकार अधिनियम, २००५' म्हणतात, पण २००९ चा शिक्षणाचा कायदा 'हक्क' म्हणतो आणि २०१५ चा 'महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम' हाही. मला विचाराल तर माहितीच्या कायद्यालाही 'हक्क' शोभला असता. माहिती मागायला गेलेल्या माणसाला खिडकीवर जी वागणूक मिळते, तिच्यात अधिकार खिडकीच्या कुठल्या बाजूला आहे ते लगेच कळतं.

आणि 'बजावणे' बघा. मतदानाचा हक्क बजावतो, कर्तव्य बजावतो, नोटीसही बजावतो. मराठीत हक्क नुसता असून भागत नाही, तो बजावावा लागतो.

काळा कोट

सर, मतदानाचा हक्क भाग तीनमध्ये नाही बरं का. प्रौढ मताधिकार अनुच्छेद ३२६ मध्ये आहे. २१ चं वय १८ वर आलं ते एकसष्टाव्यानं, १९८९ मध्ये. बहुतेकांना तो मूलभूत हक्क वाटतो. तसंच मूलभूत हक्क फक्त नागरिकांचे, हाही समज. अनुच्छेद १९ मधली भाषणाची, संचाराची, व्यवसायाची स्वातंत्र्यं नागरिकांची. १५ आणि १६ सुद्धा नागरिकांसाठी. पण १४ आणि २१ मध्ये शब्द 'व्यक्ती' आहे. कायद्यापुढे समानता आणि जीविताचं संरक्षण या देशात असलेल्या कुणालाही. फळ्यावर 'नागरिकांचे हक्क' लिहिताना हे ध्यानात ठेवा.

जॉबरची लेक

हे नव्हतं माहीत. मग हेही सांगा: फळ्याच्या मसुद्यात एकानं 'मालमत्तेचा हक्क रद्द' लिहिलंय. बाबांचं म्हणणं, रद्द झाला असेल तर आपला सातबारा कशाचा?

काळा कोट

बाबांना माझा नमस्कार सांगा. 'रद्द' चूक. चव्वेचाळिसाव्यानं १९(१)(च) आणि ३१ काढले आणि ३००-क घातलं. जून १९७९ पासून मालमत्ता हा मूलभूत हक्क राहिला नाही, पण कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येत नाही, हे संविधानात आजही आहे. फरक दाराचा पडला. भाग तीनमधल्या हक्कासाठी अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं. ३००-क साठी २२६ खाली उच्च न्यायालय. आपल्याला तेही आता जवळ आलं. ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्हा कोल्हापूरच्या सर्किट बेंचला जोडलाय.

खरं तर ३६८ मध्येच बदलाचे तीन प्रकार सांगितलेत: भर घालणं, फेरफार करणं आणि निरसन करणं. 'निरसन' आपण फक्त शंकांचं करतो, कायद्यात तरतुदींचंही होतं. मुलांना सांगा, कुठलीही घटनादुरुस्ती समोर आली की आधी हे तीन खण करा. शिक्षणाचा २१-क ही भर, २००२ ची शहाऐंशीवी. सहा ते चौदा वयाच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण. मालमत्तेचं काय झालं? एका खणातून काढलं, दुसऱ्यात ठेवलं. आणीबाणीच्या तरतुदीत 'अंतर्गत अशांतता' हे कारण होतं, त्याच्या जागी 'सशस्त्र उठाव' आलं. हा फेरफार. कागदावर दोन शब्दांचा, पण १९७५ पाहिलेल्या माणसाला विचारा त्या दोन शब्दांत किती अंतर आहे ते. अशांततेत मोर्चाही बसवता येतो. उठावात तो बसवणं अवघड.

शेंगाचटणी

वकीलसाहेब, तेलंगण झालं ती कितवी घटनादुरुस्ती? आमचे आजोबा तिकडूनच आले, म्हणून विचारतोय.

काळा कोट

कितवीही नाही! नवं राज्य अनुच्छेद ३ खाली साध्या बहुमतानं होतं. पहिल्या अनुसूचीतली राज्यांची यादी बदलते, म्हणजे संविधानाचा मजकूर बदलतो, पण अनुच्छेद ४ सांगतो की ३६८ च्या दृष्टीनं ही दुरुस्ती समजायची नाही. इथं तुमच्या शब्दचर्चेची गाठ पक्की बसते: मजकुरातला प्रत्येक बदल 'घटनादुरुस्ती' नसतो.

३६८ च्या वाटेनं जायचं तर विशेष बहुमत लागतं आणि त्याच्या दोन अटी असतात. हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश, शिवाय सभागृहाच्या एकूण संख्येच्या निम्म्याहून जास्त. लोकसभेचे ५४३ धरा. ३९० जणांनी मत दिलं तर दोन-तृतीयांश होतात २६०. तेवढ्यावर भागत नाही, २७२ लागतातच. हेच राज्यसभेतही स्वतंत्रपणे. संयुक्त बैठकीची पळवाट नाही. राज्यांच्या अधिकारांना हात लागत असेल तर निदान निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांनी ठराव करून मान्यता द्यायची. याला कागदोपत्री 'अनुसमर्थन' म्हणतात. बोलताना कुणी म्हणत नाही आणि म्हणूही नये.

कडक भाकरी

आकड्यांचा घोळ कुणी सोडवेल का? जीएसटीला कुणी १२२ वी म्हणतं, कुणी १०१ वी. परीक्षेत एक मार्क गेला माझा त्यात.

जॉबरची लेक

हे मला येतं. १२२ वं होतं ते विधेयक, मंजूर होऊन बाहेर आला तो १०१ वा अधिनियम, २०१६ चा. सगळीच विधेयकं तडीला जात नाहीत, म्हणून विधेयकांचे आकडे पुढे पळतात. महिला आरक्षणाचंही तसंच: १२८ वं विधेयक, १०६ वा अधिनियम, २०२३. बातम्यांत सरसकट 'घटनादुरुस्ती' म्हणतात, त्यामुळे मांडलेलं आणि झालेलं यातला फरकच दिसत नाही. आमच्या गल्लीत तर विधेयक मांडलं की "कायदा आला बे" सुरू होतं.

अक्कलकोट रोड

मागावर ताणा चढवला म्हणजे चादर झाली, तसं.

बाराबंदी

सोलापुरात बसून हक्कांची चर्चा चाललीय आणि 'मार्शल लॉ' अजून कुणी काढला नाही, याचं नवल वाटतं. संविधानाच्या मराठीत त्याला 'लष्करी कायदा' म्हणतात, अनुच्छेद ३४ मध्ये. पण सोलापुरात लष्करी कायदा कुणी म्हणत नाही. इथं मार्शल लॉच. आमच्या वडिलांची पिढी वर्ष मोजायची ती त्यावरून: "मार्शल लॉच्या आधी", "मार्शल लॉनंतर". १२ मे १९३० ला तो लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. सिद्धेश्वरांच्या यात्रेचे दिवस जवळ आलेले असताना ती बातमी गावात कशी पोचली असेल, हे नंदीध्वजांच्या वेळी माझ्या मनात दर वर्षी येतं.

आता शब्दाकडे येतो. मार्शल लॉ आणि आणीबाणी एक नव्हेत. मुलं दोन्ही एकाच उत्तरात कोंबतात. मार्शल लॉ एखाद्या भागात, मुलकी कारभार कोलमडला म्हणून. राष्ट्रीय आणीबाणी ३५२ खाली राष्ट्रपती घोषित करतात आणि ती देशभर असू शकते. आणीबाणीत हक्क 'रद्द' होत नाहीत, काही हक्कांसाठी कोर्टात जाण्याची वाट तेवढ्या काळापुरती बंद करता येते. आणि २० व २१ साठी तीही बंद करता येत नाही, ही चव्वेचाळिसाव्यानं घातलेली अट. वकीलसाहेब, बरोबर ना?

काळा कोट

बरोबर, सर. रद्द, स्थगित, निलंबित आणि निरसित हे चार शब्द वर्तमानपत्रं एकाच पोत्यात भरतात.

कडक भाकरी

मग फळ्यावर काय लिहायचं ते ठरलं का नाही? चहा गार झाला.

जॉबरची लेक

ठरलं. 'संशोधन' पुसलं. मराठीत त्याला दुसरं काम आहे. 'सुधारणा' फक्त अधिनियमाचं पूर्ण नाव लिहायचं तिथं, कारण नाव म्हणजे नाव. मथळा 'घटनादुरुस्ती'च ठेवला. लोकांच्या तोंडी तोच आहे आणि आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना कळतो. पण प्रत्येक ओळीत वकीलसाहेबांचे तीन खण पाडले: काय घातलं, काय बदललं, काय काढलं. शिवाय अनुच्छेद आणि अधिनियमाचा आकडा. पहिली १९५१ ची, तिच्यात १५(४) ची भर आणि १९(२) मध्ये 'वाजवी' निर्बंध. मग बेचाळिसावी, चव्वेचाळिसावी, एकसष्टावी, शहाऐंशीवी. जागा संपली म्हणून त्र्याहत्तरावी आणि चौऱ्याहत्तरावी बाजूच्या भिंतीवर चिकटवल्या. पंचायत आणि महापालिका भिंतीवरच बऱ्या, असं एका मुलाचं मत पडलं.

खाली एका कोपऱ्यात सवरण, तिद्दुपडी, तरमीम लिहिलं. विडी कारखान्यातून सुटलेल्या दोघी बायका जाता जाता थांबल्या आणि 'सवरण' वाचून आत आल्या. तेलुगू शब्द देवनागरीत होता, तरी ओळखला. एकीनं विचारलं, पगाराचं काय घातलंय यात? मी अनुच्छेद २३ दाखवलं, वेठबिगारीला आणि सक्तीच्या श्रमाला बंदी. ते दुरुस्तीतलं नाही, पहिल्यापासूनच आहे, हेही सांगितलं.

बाबा संध्याकाळी बघून गेले. तीन खण बघितले, बेचाळिसावीतलं काय काय चव्वेचाळिसावीत काढलंय ते बोटानं जुळवत बसले. मग म्हणाले, "ह्यात दुरुस्ती कमी आणि फिटिंग जास्त हाय." आता 'फिटिंग'ला मराठी शब्द कुणी सुचवत असेल तर नवीन चर्चा काढा, इथं नको.